एसी लावला की बॉनेटखालून घरघर, गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर गेला. खरंच बदलावा लागेल का?

वऱ्हाडवाट (अकोला):

नमस्कार मंडळी. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नव्वद हजार किमीच्या आसपास झालेली. एसीचं कूलिंग अजूनही मस्त आहे त्याची काहीच तक्रार नाही, पण मार्चपासून बॉनेटखालून घर्रर्र असा आवाज सुरू झालाय, आयडलिंगला जास्त आणि एसीचं बटन दाबलं की अजून वाढतो, रेस दिली की आवाजाचा सूर पण वर जातो. सिग्नलला उभं राहिलं तं बाजूचा स्कूटरवाला वळून बघतो एवढा. त्यात भर म्हणून डॅशबोर्डच्या आतून, ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूने, पंखा तीन-चारवर केला की टरटर टकटक असं वेगळंच काहीतरी वाजतं.

इथल्या एका गॅरेजला दाखवली. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं अन् म्हणाला कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका, गॅससकट २८ हजार. दुसऱ्याने सांगितलं गॅस कमी आहे, भरून घ्या आवाज जाईल. दोघांचं एकमेकांशी काही जुळत नाही आणि कूलिंग चांगलं असताना कॉम्प्रेसर गेला कसा हे मला पटत नाहीये. मागच्या उन्हाळ्यात एसीचा बेल्ट नवीन टाकला होता आणि गॅस पण टॉपअप केला होता, त्यानंतर काही काम नाही.

आईला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं, अडीचशे किमी एक बाजू, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या खाली येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तिला उन्हाचा त्रास लगेच होतो त्यामुळे एसी रस्त्यात बंद पडलेला मला अजिबात चालणार नाही. २८ हजार लागणारच असतील तर घालीन, पण नक्की काय खराब आहे ते समजून घालायचेत. कोणी जाणकार असेल तर सांगा काय काय तपासू, थोडंफार पाना-पेचकस मला चालवता येतं.

कोकणकडा (रोहा):

गॅस कमी असणार भाऊ. माझ्या गाडीचा एसी पण आवाज करायचा, गॅस भरला आणि थांबला. आधी ते करून बघा, हजार-दीड हजारात काम होतं, एकदम कॉम्प्रेसर कशाला.

पाना_नं_१३ (पिंपरी-चिंचवड):

वऱ्हाडवाट भाऊ, थांबा, गॅस पण भरू नका आणि कॉम्प्रेसर पण घेऊ नका. मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणकडा भाऊंचा आवाज गॅसने गेला असेल तर तो बहुतेक वेगळा आवाज असणार. गॅस कमी झाला की कूलिंग कॉइलपाशी, म्हणजे डॅशबोर्डच्या आत, सूंऽऽ किंवा फुस्स असा आवाज येत राहतो, कारण एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे कॉइलच्या तोंडाशी लिक्विड बारीक धारेत आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, लिक्विडसोबत गॅसचे बुडबुडे जायला लागतात, आणि प्रेशर स्विच सारखा कट करत असल्यामुळे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच टक... टक... असा दर थोड्या सेकंदांनी आत-बाहेर होत राहतो. त्याला गॅस भरणं हे उत्तर होऊ शकतं. बॉनेटखालची घरघर गॅसने जात नाही. आणि मुख्य म्हणजे तुमचं कूलिंग चांगलं आहे, मग गॅस कमी कशावरून? एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद सर्किट आहे, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे आणि ते लीक न शोधता भरलेला गॅस परत जाणारच.

आता आवाजाबद्दल. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे पक्कं करा, तिथेच अर्धं निदान होतं. कॉम्प्रेसरची रचना समजून घ्या. पुढे पुली असते, तिच्यावर बेल्ट, आणि इंजिन चालू आहे तोवर ती पुली फिरतच असते, एसी चालू असो नाहीतर बंद. पुलीच्या आत एक बेअरिंग असते. तुम्ही एसीचं बटन दाबलं की मॅग्नेटिक क्लचच्या कॉइलला करंट जातो, पुढची प्लेट टक्कन पुलीला चिकटते आणि मग आतला शाफ्ट फिरायला लागतो, म्हणजे खरा कॉम्प्रेसर तेव्हा चालू होतो.

म्हणून आवाज एसी पूर्ण बंद असतानाही येत असेल तर कॉम्प्रेसरच्या आतल्या पिस्टनचा त्याच्याशी संबंध नाही, कारण ते फिरतच नाहीयेत. मग संशय पुलीच्या बेअरिंगवर, किंवा त्याच भागातल्या दुसऱ्या कशावर तरी, डायनामोची बेअरिंग, आयडलर (बेल्टला वळवणारी पुली), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप. आवाज फक्त क्लच बसल्यावरच येत असेल आणि क्लच सुटल्या क्षणी बंद होत असेल तर मात्र कॉम्प्रेसरच्या आत बघावं लागतं, नाहीतर क्लच प्लेट घसरतेय, नाहीतर गॅस जास्त भरलाय. बटन दाबल्यावर सुरुवातीला एकदाच किंचाळल्यासारखा कुंईऽऽ आवाज आला तर बेल्ट घसरतोय. तुमच्या लिहिण्यातून मला वाटतंय की आवाज एसी बंद असताना पण आहे फक्त कमी आहे, पण तुम्ही ते नीट लिहिलेलं नाही. सकाळी शांत जागी गाडी लावून तपासा.

त्यानंतर खरी परीक्षा. इंजिन बंद, थंड होऊ द्या, किल्ली खिशात, आणि एसीचा बेल्ट उतरवा. तुमच्या गाडीत एसीचा बेल्ट वेगळा असेल तर तो काढून इंजिन आरामात चालू करता येतं. एकच लांब बेल्ट सगळ्यांना असेल तर वॉटर पंप पण त्यावर असू शकतो, मग अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका. बेल्ट काढल्यावर घरघर गेली की मग एकेक पुली हाताने फिरवा, कान जवळ नेऊन. चांगली बेअरिंग गुपचूप फिरते. खराब असेल तर बोटांना खरखर लागते, आणि पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो. मग कॉम्प्रेसरची पुली स्थिर ठेवून फक्त पुढची क्लच प्लेट फिरवून बघा, ती थोडी जड पण एकसारखी फिरली पाहिजे. अडकत अडकत फिरली किंवा आत काही घासल्यासारखं वाटलं तर कॉम्प्रेसर आतून खराब.

लांब पेचकसचं टोक कॉम्प्रेसरच्या बॉडीवर आणि मूठ कानाला लावून ऐकणारे बरेच मेकॅनिक आहेत, मी पण करतो, पण चालू इंजिनवर फिरता बेल्ट आणि पंखा बाजूलाच असतो. सवय नसेल तर करू नका. शर्टाची बाही सैल असेल तर बॉनेटखाली जाऊच नका.

सातारा_सुसाट:

वऱ्हाडवाट दादा, ग्लोव्ह बॉक्सकडचा टरटर आवाज माझ्या गाडीत पण होता म्हणून तेवढंच सांगते. तो आवाज एसीचा आहे की नुसत्या ब्लोअरचा हे घरीच कळतं. इंजिन चालू करू नका, फक्त किल्ली ऑन करा आणि पंखा एक ते चार फिरवा. आवाज तसाच आला आणि स्पीडबरोबर वाढला तर तो ब्लोअर. बॉनेटखालच्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही, दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकत्र धरले की गोंधळ होतो आणि गॅरेजवाले पण दोन्हीचं मिळून एकच बिल करतात.

आमच्या सोसायटीत गाडी कडुनिंबाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात. माझ्या गाडीला कारखान्यातून एसी फिल्टर आलाच नव्हता, नुसता कप्पा रिकामा होता, त्यामुळे पानांच्या काड्या थेट ब्लोअरच्या चाकात. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडला की मागे ब्लोअर दिसतो, बऱ्याच गाड्यांत तीन स्क्रू आणि एक वायरचा सॉकेट. काढून ब्रशने साफ केला, फिल्टर विकत घेऊन बसवला, झालं. अजून एक शक्यता म्हणजे उंदीर, ते फिल्टर कुरतडतात आणि तिथे कापूस-चिंध्यांचं घरटं करतात, तेव्हा हातमोजे आणि मास्क घालून काढा.

पंख्याचा आवाज स्पीडबरोबर बदलत नसेल, आणि गरम-थंड नॉब फिरवल्यावर किंवा हवा पायाकडून काचेकडे केल्यावर आतून कट कट कट येत असेल तर तो हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लास्टिक गिअर तुटल्याचा आवाज असतो. पण तुमच्या जुन्या मॉडेलमध्ये केबलवाला नॉब असेल तर ते सोडून द्या.

वऱ्हाडवाट (अकोला):

लय आभारी आहे दोघांचा, एवढं मन लावून कोणी समोर बसूनही सांगत नाही. सकाळी सगळं करून बघितलं, सांगतो.

एसी बंद, पंखा बंद, इंजिन चालू: घरघर आहे. एसी ऑन: घरघर वाढते, पण आवाज तोच आहे, नवीन काही ॲड होत नाही. माझ्या गाडीत एसीचा बेल्ट वेगळाच निघाला. तो उतरवला आणि गाडी चालू केली, एकदम चूप. मला तर क्षणभर वाटलं गाडी बंद पडली. मग पुली हाताने फिरवली तं पिठाच्या गिरणीसारखी खरखर बोटाला लागते, आणि वर-खाली हलवली तर थोडी हलते पण. पुढची प्लेट वेगळी फिरवून बघितली, ती तुम्ही म्हणाला तशीच जडसर पण एकसारखी, कुठे अडकत नाही. बेल्टचा टेन्शनर आहे त्याची पण पुली फिरवली, ती गुळगुळीत आहे.

सातारा ताई, तुमचं पण बरोबर निघालं. किल्ली ऑन करून पंखा लावला तर टरटर तसाच. ग्लोव्ह बॉक्स खोलला तर फिल्टरचा एक कोपरा कुरतडलेला आणि त्याचे तुकडे ब्लोअरच्या चाकात. साफ केलं, तो आवाज गेला, नवीन फिल्टर मागवतो.

आता पाना भाऊ, प्रश्न असा आहे की त्या गॅरेजवाल्याला मी पुलीची बेअरिंग म्हणालो तं तो म्हणे ती वेगळी मिळत नाही, कॉम्प्रेसर आख्खाच येतो, आणि बेअरिंग बदलली तरी टिकणार नाही. काय खरं आहे?

पाना_नं_१३ (पिंपरी-चिंचवड):

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पुलीची बेअरिंगच आहे, मला शंका वाटत नाही. एसी लावल्यावर वाढतो कारण बेल्टवर लोड येतो आणि त्याच बेअरिंगवर ताण वाढतो.

बेअरिंग वेगळी मिळते. कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये बऱ्याचदा ती सुटी दाखवत नाहीत, आख्खा कॉम्प्रेसर किंवा क्लच असेंब्ली दाखवतात, त्यामुळे तो माणूस खोटं बोलतोय असंही नाही, त्याला काउंटरवरून तेच सांगितलं जातं. पण एसी क्लचच्या बेअरिंग ठरावीक मापाच्या असतात, दोन ओळींच्या बॉलच्या, दोन्ही बाजूंना रबर सील असलेल्या, आणि जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. नंबर वाचता नाही आला तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजा. कुठल्याही मोठ्या बेअरिंगच्या दुकानात मिळते, अकोल्यात नाही मिळाली तर नागपूरला मिळेलच. नावाजलेल्या कंपनीचीच घ्या, पक्क्या बिलासह. नकली बेअरिंग ही फार मोठी पीडा आहे, खोका हुबेहूब असतो आणि एका पावसाळ्यात परत घरघर.

या कामाला गॅस काढायची गरज पडत नाही हे लक्षात ठेवा, कारण इथेच बिल वाढतं. पुली आणि क्लच हे सगळं कॉम्प्रेसरच्या बाहेर बसवलेलं असतं, गॅसचं सील त्याच्या मागे. जागा असेल तर गाडीवरच होतं, नाहीतर कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून पाईप तसेच लावलेले ठेवून त्याला बाजूला टांगायचं. पाईपवर वजन येऊ द्यायचं नाही, तारेने बांधायचं. मधला बोल्ट काढला की प्लेट निघते, तिच्या मागे पातळ शिम, म्हणजे फट जुळवायच्या चकत्या, असतात, त्या जपून ठेवा, हरवल्या तर पुढचं सगळं बिघडतं. मग सर्क्लिप (पुली अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) काढायची, मग पुली पुलरने ओढायची. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची नाही, मागेच कॉइल आहे.

बेअरिंग पुलीत दाबताना प्रेसवर आणि बाहेरच्या रिंगवर जोर द्यायचा, आणि पुली कॉम्प्रेसरच्या नळीवर बसवताना आतल्या रिंगवर. हातोडीने ठोकून बसवणारे लोक आहेत, तिथे नवीन बेअरिंग बसतानाच खराब होते आणि मग "बदलली तरी टिकत नाही" असं म्हणतात. त्या गॅरेजवाल्याचा अनुभव बहुतेक हाच असावा. लेथवाल्याकडे प्रेस असते, पुली त्याच्याकडे घेऊन जा.

शेवटी गॅप. प्लेट आणि पुलीमध्ये क्लच सुटलेला असताना फटीत फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या) घालून बघायचं, बहुतेक छोट्या गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमीच्या मधे असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल. कमी असेल तर एसी बंद असताना पण प्लेट घासत राहते. जास्त असेल तर गरम झाल्यावर कॉइल प्लेटला ओढू शकत नाही आणि नेमकं दुपारच्या उन्हात एसी बंद पडतो. शिम कमी-जास्त करून जुळवायचं. तीन-चार जागी मोजा, एकाच ठिकाणी मोजून सोडू नका.

आता बेअरिंग कशामुळे गेली, हे शोधल्याशिवाय नवीन टाकू नका. तुम्ही लिहिलंय मागच्या उन्हाळ्यात बेल्ट नवीन टाकला. माझा पहिला संशय बेल्ट जास्त ताणला गेल्यावर आहे. वेगळा बेल्ट असलेल्या गाड्यांत टेन्शन हाताने बोल्ट फिरवून द्यावं लागतं आणि पुढे आवाज करू नये म्हणून लोक कचकून ताणतात, सगळा भार त्या बेअरिंगवर. दुसरं, कॉम्प्रेसर खाली असतो, खालचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर चिखल-पाणी थेट पुलीवर येतं. बघून सांगा. आणि इंजिन वॉश करताना प्रेशरचं पाणी त्या भागात मारू नका.

दोहा_डायरी:

पाना भाऊंचं निदान बरोबर आहे, एक-दोन गोष्टी जोडतो. मी मूळचा नांदेडचा, इथे कतारमध्ये बस आणि टॅक्सींच्या एसीचं काम करतो. उन्हाळ्यात इथे गाडीचा एसी बंद म्हणजे गाडी बंद, त्यामुळे आमच्याकडे ही कामं रोजचीच.

पाना भाऊंशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. नव्वद हजार चाललेल्या गाडीत नुसती बेअरिंग टाकायच्या आधी पुलीचा आणि प्लेटचा घासणारा चेहरा बघा. निळसर पडला असेल, खोल चरे असतील किंवा कॉइलवरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर पूर्ण क्लच सेट घ्या, म्हणजे पुली, प्लेट, कॉइल. बेअरिंगपेक्षा महाग पडतो पण कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी स्वस्त. आईंना घेऊन अडीचशे किमी जायचं आहे, रस्त्यात कॉइल जळलेली नको. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता येतो, १२ व्होल्टच्या गाडीत साधारण ३ ते ४ ओहम, अगदीच शून्याजवळ किंवा ओपन असेल तर कॉइल गेली.

दुसरं, मागच्या वर्षीचा टॉपअप. गॅस किती घातला हे वजनाने मोजलं होतं का? बॉनेटखाली स्टिकर असतो, छोट्या गाड्यांत चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास आकडा असतो. रस्त्यावरचे बरेच लोक नुसतं गेज बघून भरतात. उभ्या गाडीवर गेज लावून तर काहीच कळत नाही, कारण आत थोडं जरी लिक्विड असेल तरी प्रेशर तापमानावर ठरतं, ३० डिग्रीला साधारण ९५-१०० पीएसआय दाखवेल, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. चालू गाडीवर पण बाहेरच्या उन्हाप्रमाणे आकडे बदलतात. ४५ डिग्रीत आयडलिंगला हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचं प्रेशर, २५०-३०० जाणं नॉर्मल आहे. जास्त भरलेला गॅस म्हणजे हाय साइडचं प्रेशर अजून वर, कॉम्प्रेसरवर लोड, क्लच घसरतो, तापतो, आणि ती उष्णता बाजूच्या बेअरिंगमधलं ग्रीस पातळ करून बाहेर काढते. तेव्हा बेअरिंग गेल्याचं कारण बेल्ट पण असू शकतं आणि जास्त गॅस पण.

आणि कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, धुवा. रेडिएटरच्या पुढे असतो त्याच्या जाळीत धूळ, किडे, कापसाचा कचरा साचतो. साध्या पाइपच्या पाण्याने, प्रेशर गन नको, पात्या वाकतात. कंडेन्सर बंद म्हणजे परत तेच, प्रेशर वर. एसी लावल्यावर पुढचा पंखा सुरू होतो का आणि त्याची पाती कुठे घासत नाही ना ते पण बघा, तो आवाज पण लोक कॉम्प्रेसरचा समजतात.

नर्मदा_एक्स्प्रेस (इंदूर):

मधेच विचारते, माफ करा. माझी इलेक्ट्रिक गाडी आहे, फास्ट चार्जरला लावली की बॉनेटखालून मोठा घूंऽऽ आवाज येतो, एसी बंद असताना सुद्धा. बेअरिंग गेली असेल का?

दोहा_डायरी:

ताई, बहुतेक नॉर्मल आहे. तुमच्या गाडीत बेल्ट नसतो, कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच बॅटरी पण थंड करतो. फास्ट चार्जिंगला बॅटरी तापते म्हणून गाडी स्वतःच कॉम्प्रेसर आणि पंखा जोरात चालवते. चार्जिंग संपल्यावर थोड्या वेळाने थांबत असेल तर काळजी नको. खडखड, घासल्यासारखा आवाज असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या. केशरी रंगाच्या केबलला घरी कोणी हात लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात. आणि त्या कॉम्प्रेसरचं ऑइल पण वेगळं असतं, साध्या गाडीचं ऑइल वीज वाहून नेऊ शकतं, ते यात गेलं तर इन्सुलेशनची वाट लागते. तेव्हा गल्लीतल्या गॅसवाल्याकडे नेऊ नका.

कोकणकडा (रोहा):

मला हे नवीन कळलं, धन्यवाद. एक विचारतो, मग कॉम्प्रेसर खरोखर कधी बदलायचा? कधीतरी तर जातच असेल ना.

पाना_नं_१३ (पिंपरी-चिंचवड):

दोहा भाऊ, क्लच सेटचं पटलं, चेहरा जळलेला असेल तर सेटच घ्यावा.

कोकणकडा भाऊ, जातो की. क्लच बसल्यावर आतून खडखड, शाफ्ट अडकणं, किंवा शाफ्टच्या सीलमधून ऑइल गळून पुली आणि आसपासचा भाग चिकट झालेला दिसणं, ही खरी लक्षणं. पण सगळ्यात वाईट म्हणजे आतलं ॲल्युमिनियम घासून त्याचा भुसा सर्किटमध्ये पसरणं. पाईप उघडल्यावर ऑइल काळं-करडं आणि त्यात चकचकीत कण दिसले की समजायचं. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. पाईप फ्लश करावे लागतात, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवीन, आणि आजकालच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून तो भुसा धुऊन निघत नाही म्हणून कंडेन्सर पण नवीन. हे न करता नवा कॉम्प्रेसर बसवला की जुना भुसा त्यालाही खातो आणि गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता.

आणि याची सुरुवात बऱ्याचदा गॅस कमी असताना एसी तसाच चालवण्यातून होते. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, वेगळा पंप नाही. गॅस कमी तर ऑइल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, लीक असेल तर आधी नायट्रोजनने प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने किंवा यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) टाकून लीक शोधू, दुरुस्त करू, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम आणि मग वजन करून गॅस. यात घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. जुना गॅस हवेत फुस्स करून सोडणाऱ्याकडे तर नकोच, आर १३४ए, म्हणजे या एसीतला गॅस, हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू आहे, मशीनने काढून घेता येतो आणि काढलाच पाहिजे.

वऱ्हाडवाट (अकोला):

काम झालं. उशिरा लिहितोय कारण बेअरिंग नागपूरहून मागवावी लागली.

खालचं कव्हर बघितलं, एका बाजूने तुटून लोंबत होतं, आणि बेल्ट एवढा ताणलेला होता की अंगठ्याने जोर लावून दाबला तरी हलत नव्हता. म्हणजे पाना भाऊंचे दोन्ही अंदाज खरे. कॉम्प्रेसरचं काम इथल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे केलं, त्यांना आधीच सांगितलं गॅस काढायचा नाही. ते म्हणाले काढायचं काही कारणच नाही. त्यांनी कॉम्प्रेसर टांगून पुली काढली, बेअरिंगचं एका बाजूचं सील फाटलेलं आणि ग्रीसच्या जागी लाल गंज आणि मातीचा लगदा. पुलीचा चेहरा स्वच्छ होता, प्लेट पण, कॉइल मोजली तर साडेतीन ओहम, म्हणून दोहा भाऊ, सेट नाही घेतला, नुसती बेअरिंग. लेथवर प्रेस करून बसवली. गॅप आधी ०.८ आला, एक शिम काढल्यावर ०.४५, चार ठिकाणी मोजला. कंडेन्सर धुतला तर अक्षरशः मातीचा गाळ निघाला. खालचं कव्हर जुन्या बाजारातून मिळालं. सगळं धरून तीन हजारांच्या आत.

गाडी आता एकदम शांत आहे, एसीचं बटन दाबलं की फक्त तो टक्क ऐकू येतो. रविवारी आईला घेऊन नागपूरला जाऊन आलो, दुपारी दोन वाजता परत निघालो, अमरावतीपर्यंत ती झोपली होती. तुम्हा सगळ्यांना तिने आशीर्वाद सांगितलेत, खरंच सांगितलेत.

एकच राहिलं, बेल्ट मिस्त्रींनी नवीनच टाकला कारण जुन्याला बारीक भेगा होत्या. त्याचं टेन्शन आता बरोबर आहे हे कसं ओळखू?

पाना_नं_१३ (पिंपरी-चिंचवड):

आईंना नमस्कार सांगा. तीन हजारांत झालं हे वाचून फार बरं वाटलं, आणि त्या मिस्त्रींचा पत्ता तुमच्या ओळखीच्या लोकांना नक्की द्या, असं काम करणारी माणसं टिकली पाहिजेत.

बेल्टचं असं, दोन पुलींच्या मधे सगळ्यात लांब पट्ट्यावर अंगठ्याने जोरात दाबा, साधारण ५ ते १० मिमी दबला पाहिजे, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो धरा. नवीन बेल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा सैल होतोच, नागपूरची एक फेरी झाली आहे म्हणजे आत्ताच एकदा बघून घ्या. एसी लावताना सुरुवातीला कुंईऽऽ आलं तर थोडं पाणी शिंपडून बघा. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, थोडा ताणा. पाण्याने आवाज क्षणभर थांबून परत चुक चुक सुरू झाला तर टेन्शनचा नाही, पुल्या एका रेषेत नाहीत, म्हणजे कॉम्प्रेसर परत बसवताना ब्रॅकेट किंचित तिरका बसलाय. तसं निघालं तर ताणत बसू नका, बोल्ट सैल करून ब्रॅकेट सरळ करून घ्या.